आक्का, यंदाचा दवणा

आक्का, दवण्याला वास सुटला. काल सकाळी मोट जुंपायला निघालो तर बांधावरनंच आला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुझ्या नाकाला आत्ता कळलं व्हय, तम्मा? मला परवापास्नं येतोय." दरवर्षी तू माझ्याआधी ओळखायचीस, आणि ओळखलंस हे बोलूनही दाखवायचीस. यंदा पहिल्यांदा मी आधी ओळखलं. पण बोलून दाखवणार कुणाला?

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. माणसं येतात, ओसरीवर बसतात, चांगलं मरण आलं म्हणतात. मीही मान डोलावतो, कारण ते खरं आहे. दुपारी वाफ्यातलं तण काढत होतीस. खुरपं बाजूला ठेवलंस, "जरा पडते" म्हणालीस आणि चाफ्याच्या सावलीला आडवी झालीस. मी मोटेवर होतो. बैल सोडून पाणी प्यायला आलो, तर सावली सरकली होती आणि तुझ्या पायांवर ऊन आलं होतं. पाय तू आखडून घेतले नव्हतेस. माघातलं ऊनसुद्धा तुला पायावर सहन व्हायचं नाही. तेवढ्यावरनंच मला कळलं.

त्या "जरा पडते"च्या आधी काही दिवस आपण एकमेकांशी धड बोलत नव्हतो, हे आल्यागेल्याला मी सांगितलेलं नाही. ते तुलाच सांगायचं आहे. पण आधी मागचं थोडं बोलू दे.

तुला गडहिंग्लजकडं दिली तेव्हा मी अगदी लहान होतो. तुझं लग्न मला आठवत नाही, परत आलेली आठवतेस. कपाळ मोकळं, हातात एक बोचकं, आणि तोंडात तिकडची बोली. जाताना मला बाळू म्हणत होतीस, आल्यावर तम्मा म्हणायला लागलीस. तिकडं धाकट्या भावाला तसंच म्हणतात, एवढं सांगितलंस. नवऱ्याला काय झालं, सासरच्यांनी कसं पाठवलं, ह्यातलं तू आम्हाला कधी काही सांगितलं नाहीस आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस, असंही वाटतं. तू काही न बोलणारी बाई नव्हतीस.

आई नव्हतीच. आबांनी तुझ्या हातात खुरपं दिलं आणि विहिरीखालचे वाफे दाखवले. उचगावच्या वाटेवरचा हा आपला मळा, विहिरीच्या वर जोंधळा, खाली मोगरा आणि दवणा. जोतिबाला चैत्रात दवणा वाहतात, सगळा मुलूख त्या दिवशी डोंगरावर लोटतो, आणि त्या दिवसासाठी बागवाला दिवाळीपासनं राबतो. तुला हे आबांनी शिकवलं. पण दोन-तीन वर्षांत आबाच तुला विचारायला लागले, "पाणी देऊ का गं आज?"

मला शाळेत घालायचा हट्ट तुझा. आबा म्हणायचे, मोटेला माणूस लागतंय. तू म्हणालीस, "मी हाय की." आणि खरंच उभी राहिलीस. बाईमाणूस मोट हाणतंय म्हणून वाटेनं जाणारे थांबून बघायचे. तू त्यांना वरनंच विचारायचीस, "पावणं, पाणी प्यायचंय का नुसतंच बघायचंय?" मी सहावीपर्यंत शिकलो तो तुझ्या त्या मोटेवर. आज हे लिहितोय तेही त्यामुळंच. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. पोरांना वाटत नाही. नंतर वाटलं, तेव्हा असलं बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

पौष तुला सोसायचा नाही. बागेत कामं असायची, पण बघण्यासारखं काही नसायचं. मोगऱ्याचं पाणी तोडलेलं, पानं झडलेली, नुसत्या काटक्या. दवणा वितीएवढाही नाही, भुईला चिकटून बसलेला. तू त्या दिवसांत कुणाशीही नीट बोलायची नाहीस. भाकरी थापताना परातीवर हात आपटायचीस. माझी सोना लग्न होऊन नवी आली तेव्हा पहिल्या पौषात ती मला घाबरत म्हणाली, "वन्सं माझ्यावर रागावल्यात का?" मी म्हणालो, तुझ्यावर नाही, महिन्यावर रागावल्यात. फाल्गुन लागू दे, बघ.

आणि फाल्गुन लागला की तू वेगळीच बाई व्हायचीस. सकाळी उठून अनवाणी वाफ्यांतनं फिरायचीस. मोगऱ्याच्या काटकीवर डोळा फुगला का बघायला वाकायचीस, पण हात लावायची नाहीस. माझ्या पोरानं हात लावला तर ओरडायचीस, "हात नगं लावू, त्याचं त्याला उघडू दे." मग घरात येऊन सोनाला म्हणायचीस, "आज वरण कर, तूप घाल." बस्स, तेवढ्यावर घर निवळायचं.

आपलं पहिलं भांडण पेरणीचं. दवण्याचं बी म्हणजे राखेसारखं बारीक, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे आणि वाळूत मिसळून फेकायचं. मी म्हणायचो, दिवाळी झाली की फेकावं. तू म्हणायचीस, थंडी बसल्याशिवाय नाही. दरवर्षी हेच. कधी तुझं खरं व्हायचं, कधी माझं, आणि कुणाचं खरं झालं ह्यावरही परत भांडण.

दुसरं भांडण उसाचं. ते मोठं होतं. महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाला गिऱ्हाईक आलं, आणि बघता बघता आपल्या आजूबाजूच्या मळ्यांतनं गुऱ्हाळांचा धूर निघायला लागला. आबा गेल्यावर मी वरच्या जोंधळ्याच्या रानात ऊस लावला, तेव्हा तू काही बोलली नाहीस. पहिला गूळ आला तेव्हा तर आवडीनं खाल्लास. पण विहिरीखालच्या वाफ्यांचं नाव काढलं की उसळायचीस.

मी म्हणालो, "आक्का, उसाला धुकं न्हाय, ढग न्हाय. एकदा लावला की वर्षभर उभा राहतोय. दवण्याची नुसती वाट बघत बसायची, आन् एका पावसानं सगळं जायचं."

तू म्हणालीस, "वाट बघायची नसंल तर बागेत राबायचं कशाला? पेठेत जाऊन हमाली कर. तिथं रोजच्या रोज हिशेब."

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी तिरकं बोललो असेन. पण खरं कारण तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो. तू खुरपून उठताना भुईला हात टेकायला लागली होतीस. आधी एक, मग दोन्ही. उसात तुला खाली बसावं लागलं नसतं. तेवढंच माझ्या मनात होतं. तसं बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मला म्हातारी म्हणतोस व्हय रे. म्हणून मी गुळाच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

जैनबबी परवा आली होती. तिच्याबद्दल लिहायचं तर प्लेगाचं साल सांगावं लागेल.

त्या वर्षी उंदीर पडायला लागले आणि दरबारचा हुकूम निघाला, शहर सोडा. माणसं भांडीकुंडी घेऊन माळावर आली. आपल्या मळ्याच्या पलीकडच्या माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांची रांग उठली. आपल्या विहिरीवर दिवसभर बायकांची रीघ. आबांनी एकाच गोष्टीची ताकीद दिली होती, कुणाच्या झोपडीत पाऊल टाकायचं नाही. तू बांधावर उभी राहून सगळ्यांशी बोलायचीस. जैनबबी तुझ्याच वयाची. शहरात घरोघर जाऊन बांगड्या भरायची. नवरा शहरातच वारला होता, गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी गेला. ती, तिची तान्ही लेक आणि सासू माळावर. बांगड्यांची पेटी तिनं बरोबर आणली होती, पण त्या साली बांगड्या कोण भरणार?

चैत्र आला. दवणा त्या वर्षी असा उतरला होता की आबा बांधावर बसून नुसते बघत राहायचे. आणि दवंडी पिटली की यात्रा भरायची नाही. एक जुडी खपणार नव्हती.

आबा म्हणाले, "राहू दे. जनावरांना टाक."

"जनावरं खात न्हाईत दवणा," तू म्हणालीस, आणि विळा घेऊन कापायला बसलीस.

सगळा कापलास. जुड्या बांधल्यास. पाटी माझ्या डोक्यावर दिलीस आणि झोपड्यांच्या रांगेनं निघालीस. प्रत्येक दारापुढं एक जुडी ठेवायची, आतल्याला हाक मारायची, "अंथरुणात ठेवा गं." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यानं पिलेग जातोय का, बाई?"

"न्हाय जात," तू म्हणालीस. "पर घाण वास तरी जाईल."

जैनबबी दारात बसली होती. तिला तू जुडी हातात दिलीस. बाकीच्यांच्या दारात ठेवत होतीस, तिला हातात दिलीस, हे माझ्या लक्षात आहे. तिनं जुडी नाकाला लावली, डोळे मिटले, बराच वेळ तशीच बसली. मग उठली, एक शेंडा खुडला आणि तुझ्या अंबाड्यात खोवायला हात पुढं केला.

तू मागं सरलीस. "अगं, मला चालत न्हाय."

"काय चालत न्हाय?"

"फूल."

"हे कुठं फूल हाय, आक्का? पाला हाय की."

तू तिच्याकडं बघत राहिलीस. आणि मग हसलीस. अशी हसलीस की शेजारच्या झोपड्यांतनं माणसं डोकावली. त्या माळावर किती दिवसांत कुणी हसलं नव्हतं. जैनबबीही हसायला लागली, हसता हसता तिचं रडं झालं, आणि तू आबांची ताकीद विसरून तिच्या झोपडीच्या दारात तिला धरून बसलीस. मी पाटी डोक्यावर घेऊन उभा. माझ्या आठवणीत तू सासरहून आल्यापासनं तशी हसली नव्हतीस. त्यानंतर पुष्कळदा हसलीस.

अंबाड्यातला शेंडा तू काढला नाहीस. संध्याकाळी तात्या आले. आबांचे धाकटे भाऊ म्हणून त्यांना आपण मान द्यायचो, पण जिभेला त्यांच्या हाड नव्हतं.

"बाई, डोस्क्यात काय ते?"

"पाला."

"लोकं काय म्हणतील?"

"मेथीचा भारा डोस्क्यावरनं आणतो तवा काय म्हणत न्हाईत लोकं. आत्ताच काय म्हणायचं?"

तात्यांनी आबांकडं बघितलं. आबा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "पालाच हाय, ते बरोबर हाय." आणि विषय मिटला. पुढं दर चैत्रात तुझ्या अंबाड्यात दवण्याचा शेंडा असायचा. कुणी विचारलंच तर तू तेच सांगायचीस. पुढं पुढं लोकांनी विचारायचंही सोडलं.

यात्रा परत भरायला लागल्यावर आपली गाडी पहाटे निघायची, मागं दवण्याच्या पाट्या, त्यांच्यामध्ये तू आणि जैनबबी. नदी ओलांडेपर्यंत तुमच्या गप्पा. डोंगराच्या पायऱ्यांवर तू दवणा घेऊन बसायचीस, ती बांगड्या घेऊन. एवढ्या वर्षांत तुमचं भांडण झालेलं मी बघितलं नाही. माझ्याशी मात्र रोज व्हायचं. मी एकदा तसं बोललो, तर तू म्हणालीस, "तिच्याशी भांडून काय उपेग? ती ऐकून घेती."

आता यंदाचं. तुला माहीतच आहे, पण मला ते एकदा नीट लावायचं आहे.

यंदा थंडी आलीच नाही. मार्गशीर्षात आली नाही, पौषात आली नाही. रोज सकाळी धुकं, दुपारी ढग. दवणा पिवळा पडला. कुठं कुठं बुडाला कुजायला लागला. तू पौषात रागावतेस ती यंदा रागावलीही नाहीस. गप्प होतीस. मला त्याचं जास्त वाटलं.

माघ लागल्यावर मी म्हणालो, "आक्का, हे आता येत न्हाय. नांगरून टाकू. उसाचं बेणं तयार हाय."

"थंडी येईल."

"माघ लागलाय, आक्का."

"मग माघात येईल."

"आन् न्हाय आली तर? हे असंच कुजत बघायचं?"

"बघायचं."

"उद्या नांगर जुंपतोय मी."

"जुंप," तू म्हणालीस. "मी वाफ्यात बसते."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन बसलीस, खुरपं घेऊन. पिवळ्या रोपांमधलं तण काढत. मी नांगर जुंपला नाही. पण जुंपणार नाही असंही तुला सांगितलं नाही. मला राग होता. तुलाही होता. सोना मधून निरोप पोचवत होती, जेवायला बोलवा म्हणून, बैलांना पेंड टाकली का म्हणून. तेवढंच बोलणं. आणि तशात ती दुपार आली.

तुझ्या मनात शेवटी काय होतं, मी नांगर जुंपणार असं धरून तू गेलीस की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. मी त्यावर फार विचार करत बसत नाही. "जरा पडते" हे तू मला उद्देशून म्हणालीस. दुसरं कुणी तिथं नव्हतं. म्हणजे बोललीस तर खरी.

सुतक होतं तोवर रानात कुणी गेलं नाही. शेजारचा गणपा बैलांना पाणी दाखवत होता, बाकी सगळं पडून. आणि त्याच दिवसांत थंडी पडली. घरात माणसं अंगावर घोंगड्या ओढून बसलेली, आणि माझं लक्ष एकसारखं विहिरीकडं. तेराव्याचं सगळं उरकून दुसऱ्या दिवशी गेलो. विहिरीलगतचे वाफे उभे राहिले होते. हिरवे नाही म्हणता येणार, पण उभे. पाटाच्या पलीकडचे सगळे काळे पडून बसले होते.

तेव्हा तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. निम्मं गेलं, निम्मं राहिलं. मी नांगरलं नाही ते सुतकामुळं, शहाणपणामुळं नाही. तू असतीस तर हेही भांडण आपण आणखी पाच वर्षं चालवलं असतं.

मग परवा जैनबबी आली. तिला कुणी आधी कळवलं नव्हतं. ती लेकीकडं परगावी होती, आल्यावर समजलं. ओसरीवर सोनाजवळ थोडी बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "चल, बाळू, दवणा दाखव." ती मला अजून बाळूच म्हणते.

वाफ्यांच्या कडेनं ती हळूहळू चालली. चाफ्याखाली क्षणभर थांबली. मी जागा दाखवली नव्हती, आणि तिनंही विचारलं नाही. मग मला म्हणाली, "बी कुठलं धरलंय?"

 आक्का, बियाणं तू धरायचीस. नांगर, मोट, पाट माझ्याकडं, बी तुझ्याकडं, हे कधी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं होतं. कापणीच्या आधी तू वाफ्यांतनं फिरून काही रोपं वेगळी काढायचीस, ती कापायची नाहीत, फुलू द्यायची, वाळू द्यायची. कुठली रोपं आणि कशावरनं, हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी तुला विचारलं नाही. उंची बघत होतीस की वास, की बुंधा? एवढी वर्षं मी तुझ्या मागनं चालत होतो आणि माझं लक्ष बैलांकडं होतं.

"म्हाईत न्हाय," मी म्हणालो. "कापून टाकावा सगळा, असं होतं मनात. यात्रेला जाईल तेवढा जाईल. मग ऊस."

जैनबबीनं वाकून एका रोपाचं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं, मान हलवली. पुढच्या रोपाशी गेली. तिचेही गुडघे आता दुखतात, हात टेकून उठते. तिसऱ्या का चौथ्या रोपाशी थांबली. "हे ठेव," म्हणाली.

"कशावरनं?"

"कशावरनं काय? बरं वाटलं म्हणून."

मी सुतळी आणली. ती सांगत गेली, मी बांधत गेलो. मधे एक रोप मला बारकं वाटलं. मी म्हणालो, हे नको, त्याच्या शेजारचं जाड आहे ते ठेवू. ती म्हणाली, जाडीला काय चाटायचंय? शेवटी दोन्हीला सुतळी बांधली. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही एक अख्खा वाफा तसा राखला. ती घामानं भिजली होती. जाताना म्हणाली, "यात्रेला गाडी नेणार असशील तर मला घे वाटंत."

"नेणार हाय," मी म्हणालो. तोवर तेही ठरलेलं नव्हतं.

तर असं आहे, आक्का. चैत्राला अवकाश आहे. कापणी व्हायची आहे. सुतळीची रोपं बरोबर निवडली की चुकीची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. ती फुलतील, वाळतील, बी झडेल, पेरू, उगवेल तेव्हा पुढच्या थंडीत कळेल काय ते. तोवर पाणी देतोय.